जुन्या फोर बाय फोरचे ब्रेक धरून राहत असतील तर दोष कसा शोधायचा

जुनी जीप किंवा जिप्सी हौसेने घेतली की ब्रेक धरून राहण्याचं दुखणं लवकरच समोर येतं. पेडलवरून पाय काढला तरी एखादं चाक, कधी दोन, तर कधी चारही चाकं मोकळी होत नाहीत. गाडी जड चालते, ॲव्हरेज घसरतं, हलक्या उतारावर न्यूट्रलला सोडली तरी जागची हलत नाही, चाकापाशी जळका वास येतो. गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा आधी लाइनर (ब्रेकचा घासणारा थर) बदलतात, मग व्हील सिलिंडर (चाकापाशी तेलाच्या दाबाने ब्रेक ढकलणारा भाग), मग आणखी काही. महिन्याभरात तेच चाक पुन्हा तापतं, कारण जे बदललं त्यात दोष नव्हताच.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. चाकाला धरून ठेवणारी गोष्ट नेमकी कोणती, अडकलेला तेलाचा दाब की गंजून अडकलेलं लोखंड, याचं उत्तर मिळेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका. हे उत्तर घरच्या अंगणात, थोड्याशा हत्यारांनी मिळतं. ते कसं, ते पुढे सांगतो.

माझ्यासमोर मुख्यतः दोन गाड्या आहेत. एक, विलिसच्या आराखड्यावरून आलेल्या महिंद्राच्या जुन्या जीप, ज्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लाइनर लावलेले दोन शू दाबतात. दुसरी मारुती जिप्सी, जिला पुढे डिस्क (फिरणाऱ्या चकतीला कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटतो) आणि मागे ड्रम. तुमची गाडी वेगळी असली तरी शोधण्याची रीत तीच राहते.

आधी ब्रेकच धरतोय ना, ते पाहा

फोर बाय फोरमध्ये ब्रेकचा संबंध नसतानाही गाडी अडल्यासारखी वाटू शकते. या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हीलचा गिअर टाकून वळण घेतलं की पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण ट्रान्सफर केस (गिअर बॉक्सची ताकद दोन्ही ॲक्सलना वाटणारा भाग) दोन्ही शाफ्टना एकाच गतीने फिरवते. मग सगळी यंत्रणा पिळून बसते, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हरही बाहेर येत नाही. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या. पीळ सुटतो, लिव्हर टू व्हीलला येते. चिखलातून किंवा शेतातून बाहेर आल्यावर फोर व्हील काढायचं राहून गेलं आणि दोष ब्रेकच्या माथी आला, हे नव्या मालकांच्या बाबतीत नेहमी होतं.

टायरमधली हवा तपासा. व्हील बेअरिंग जास्त घट्ट बसवलं असेल तरी चाक तापतं, पण तेव्हा उष्णता चाकाच्या मध्यावर, हब कॅपपाशी जास्त असते. ब्रेक धरत असेल तर ती ड्रम किंवा डिस्कमधून बाहेर येते.

कोणतं चाक?

सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा. ब्रेक होईल तितका कमी वापरा आणि शेवटी गिअर उतरवत गाडी थांबवा. उतरल्या उतरल्या चारही चाकांचं तापमान पाहा. दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आता स्वस्तात मिळते, ती या कामासाठी जरूर घ्या. नसेल तर तळहाताची मागची बाजू चाकाजवळ न्या, हात लावू नका. संशय असलेल्या चाकाच्या रिमवर, हबच्या बाजूला, पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र झालं तर शंका उरत नाही. थेंबच टाका. तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतलं तर बिडाच्या ड्रमला तडा जाऊ शकतो.

तुलना एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत करा. पुढचे ब्रेक मागच्यांपेक्षा जास्त काम करतात, त्यामुळे पुढची चाकं थोडी गरम असणं स्वाभाविक आहे. डावं 60 अंश आणि उजवं 130 असेल, तर चोर सापडला.

आता कोणती चाकं तापली यावरून पुढची दिशा ठरते. एकच चाक तापत असेल तर त्याच चाकाचा सिलिंडर, कॅलिपर, शू किंवा त्या चाकाचा रबरी होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी). मागची दोन्ही तापत असतील तर मागच्या ॲक्सलच्या मध्यावरचा होज, कारण तिथे बहुधा दोन्ही चाकांना मिळून एकच होज असतो. हँडब्रेकची केबल चाकांपर्यंत जात असेल तर तीही संशयित. चारही तापत असतील तर चाकांकडे जाऊच नका. दोष मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरावर तेलात दाब तयार करणारा भाग), बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा पेडलमध्ये आहे. नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. चारही चाकं एकदम बिघडत नसतात.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. गाडी सुरू केल्यावर पेडल नेहमीसारखं, आणि काही किलोमीटरनंतर वर येऊन दगडासारखं कडक होत असेल, तर तेल गरम होऊन फुगतंय आणि त्याला ब्रेक ऑइलच्या टाकीत परतायला वाट नाही. याचा उगमही मास्टर सिलिंडरपाशीच.

गाडी उचलण्याआधी

हा भाग सावकाश वाचा, इथे जिवाचा प्रश्न आहे. विलिस पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यावर) एक छोटा ड्रम असतो आणि हँडब्रेक त्यालाच धरतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक त्याच्या उलट दिशेने घरंगळू शकतं. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही जीप जॅकवरून खाली येते. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी हेच. त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड पक्के लावा. जागा सपाट हवी. गाडी उचलली की ॲक्सलखाली स्टँड लावा आणि मगच हात आत घाला. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये.

ट्रान्सफर लिव्हर टू व्हीलला, गिअर न्यूट्रलला, आणि पुढच्या चाकांना लॉक होणारे हब (चाक ॲक्सलशी जोडणारे किंवा सोडवणारे) असतील तर ते मोकळे करा. नाहीतर चाक फिरवताना अर्धा गिअर बॉक्स फिरत राहील आणि तुम्हाला वाटेल ब्रेकच घट्ट आहे.

मागची दोन्ही चाकं उचललेली असताना एक फिरवल्यावर दुसरं उलटं फिरत असेल, तर चाकांचे ब्रेक मोकळे आहेत, हे समजा. शाफ्टवरचा हँडब्रेक धरतोय का, ते पाहायला हँडब्रेक पूर्ण सोडून प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो अडत असेल तर त्या छोट्या ड्रमच्या ॲडजस्टमेंटकडे लक्ष द्या.

निपल उघडा, उत्तर मिळेल

या सगळ्या शोधात यापेक्षा उपयोगी परीक्षा नाही. ब्रेकमधली हवा काढायला जो निपल असतो, तो दाब कुठे आहे हेही सांगतो.

पुष्कळ दोष तापल्यावरच दिसतात, म्हणून गाडी फिरवून आणल्यावर लगेच उचला. पेडल चार-पाच वेळा जोरात दाबून सोडा आणि संशयित चाक हाताने फिरवा. डिस्कचं चाक फिरताना हलकी घासण असते, ती चालते. ड्रमचं चाक व्यवस्थित मोकळं फिरायला हवं. चाक अडकलेलं असताना डोळ्यांवर चष्मा लावा, निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा, आणि नेमक्या मापाच्या रिंग पान्याने निपल पाव ते अर्धा आटा सैल करा.

तेल चिळकांडीसारखं आलं आणि त्याच क्षणी चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता. दोष तेलाच्या वाटेवर आहे. तेल जेमतेम ठिबकलं आणि चाक होतं तसंच अडकलेलं राहिलं, तर दोष यांत्रिक आहे आणि तो त्या चाकापाशीच सापडेल. दोन्ही बाबतीत निपल लगेच बंद करा, आत हवा जाऊ देऊ नका.

एक बारकावा. काही जुन्या ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक झडप असते, जी पाइपांमध्ये मुद्दाम थोडा दाब शिल्लक ठेवते. त्यामुळे निपल उघडल्यावर थोडं तेल उडालं एवढ्यावरून निकाल देऊ नका. चाक मोकळं झालं का, हाच पुरावा.

गंजलेला निपल बळाने फिरवला तर मोडतो आणि काम दुप्पट होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा, पानाही घसरणारा नको.

दाब अडकला असेल तर चाकाकडून मागे चला

आता चाकापासून मास्टर सिलिंडरकडे एकेक जोड सैल करत जायचं. नियम साधा: जिथे सैल केल्यावर चाक सुटतं, अडथळा त्याच्याही मागे, मास्टर सिलिंडरच्या बाजूला आहे. जिथे सैल करूनही सुटत नाही, अडथळा तो जोड आणि चाक यांच्यामध्ये आहे.

पेडल दाबून सोडून चाक पुन्हा अडकू द्या. लोखंडी पाइप जिथे रबरी होजला जुळतो, तो चासीच्या बाजूचा नट फडकं गुंडाळून थोडा सैल करा. चाक सुटलं नाही, पण नंतर निपल उघडल्यावर सुटलं, तर होज आतून बंद पडलाय. होज बाहेरून नवाकोरा दिसू शकतो. आतल्या थराची साल सुटते आणि ती झडपेसारखं काम करते. पायाचा जोर मोठा असल्याने तेल चाकाकडे जातं, पण परत ढकलणारा स्प्रिंगचा जोर त्या सालीला हलवू शकत नाही. काढलेला होज उभा कापून पाहा, आतली बंद झालेली वाट डोळ्यांनी दिसेल. होजला ग्रिप प्लायरने चिमटून काम करणं किंवा काढलेला कॅलिपर होजला लटकत ठेवणं, ही आतला थर फाटण्याची दोन नेहमीची कारणं. कॅलिपर तारेने पाट्याला (लीफ स्प्रिंगला) बांधून ठेवा. आणि होज बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

चासीकडचा नट सैल केल्यावर चाक सुटलं, तर पुढचा थांबा मास्टर सिलिंडर. तिथून निघणाऱ्या पाइपचा नट सैल केल्यावरही चाक सुटत असेल तर प्रश्न दोनच उरतात: पिस्टन पूर्ण मागे येत नाही, की मागे येऊनही तेलाची वाट बंद आहे?

मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. पेडल सोडल्यावर जास्तीचं तेल त्यातून टाकीत परततं. पिस्टन एक-दोन मिलिमीटर पुढे राहिला तरी ते झाकलं जातं आणि दाब कोंडतो. पाहण्याची सोपी रीत अशी: टाकीचं झाकण उघडा, कुणाला तरी पेडल अगदी हलकं दाबायला सांगा आणि तेलाच्या पृष्ठभागाकडे बाजूने पाहा, वरून वाकून नको. सुरुवातीलाच तेलावर छोटा तरंग उठला तर छिद्र उघडं आहे. काहीच हललं नाही तर ते झाकलेलं किंवा तुंबलेलं आहे.

मग बूस्टरला मास्टर सिलिंडर धरून ठेवणारे दोन नट काही आटे सैल करून सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे घ्या. चाकं सुटली तर पुशरॉड (पिस्टनला ढकलणारा दांडा) लांब आहे किंवा बूस्टर पूर्ण मागे येत नाही. सुटली नाहीत तर छिद्र तुंबलंय किंवा आतला रबर फुगलाय. बूस्टर नसलेल्या जुन्या जीपमध्ये पेडलची ढील पाहा: हाताने दाबल्यावर सुरुवातीचा अर्धा इंच पेडल रिकामं जायला हवं. ढील नसेल तर पुशरॉडचा लॉकनट सोडवून ती आणता येते. या जीपमध्ये मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला असतो. पावसाळ्यात तिथे चिखल साचून पेडलचा शाफ्ट जड होतो, पेडल परत ओढणारी स्प्रिंग गंजते, झाकणाचं हवा जाण्याचं भोक बुजतं. काहीही खोलण्याआधी तिथला चिखल धुऊन काढा, शाफ्टला ग्रीस द्या आणि मग परत तपासा. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं.

बूस्टरची वेगळी परीक्षाही आहे. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. चाक फिरवून पाहा. आता पेडलला हात न लावता इंजिन सुरू करायला सांगा आणि पुन्हा फिरवा. इंजिन सुरू झाल्यावर चाक आपोआप घट्ट होत असेल तर बूस्टरच्या आतली झडप बिघडली आहे.

रबर फुगलेला सापडला तर थांबा. याचा अर्थ ब्रेक ऑइलमध्ये कुणीतरी दुसरंच काही घातलंय: इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल, किंवा रबरी किट (आतल्या रबरांचा संच) पेट्रोल-डिझेलमध्ये धुतली आहे. खनिज तेलाने ब्रेकचा रबर फुगतो आणि ते तेल सगळ्या पाइपांत पोचलेलं असतं. तेव्हा एकट्या मास्टर सिलिंडरची किट बदलून उपयोग नाही. पाइप स्वच्छ करून चारही चाकांचे रबर आणि सगळे होज बदलावे लागतात. खर्च मोठा आहे, पण याला आडवाट नाही. ब्रेकचे भाग धुवायला ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट वापरा, आणि जोडताना ताजं ब्रेक ऑइल लावा.

दोष यांत्रिक असेल तर

ड्रम काढण्याआधी एक सूचना. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आतली धूळ हवेने किंवा फुंकरीने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, नाका-तोंडावर चांगला मास्क लावा.

सर्वात आधी ॲडजस्टमेंट पाहा. नवे लाइनर घातल्यावर शू जास्त घट्ट राहिले असतील तर तेवढंच कारण पुरतं. जुन्या जीपमध्ये ड्रमच्या मागच्या प्लेटवर प्रत्येक शूचा स्वतंत्र ॲडजस्टर असतो. तो चाक अडेपर्यंत फिरवायचा आणि मग चाक मोकळं फिरेल इतका मागे घ्यायचा. दोन्ही शूंचं करा, एकाचं करून सोडू नका.

ड्रम निघाल्यावर व्हील सिलिंडरची रबरी टोपी मागे सारून पाहा. आत तपकिरी चिखल दिसला तर पाणी शिरून पिस्टन गंजलाय. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढतं, आणि कोकणात किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. सिलिंडर साफ करून आतून नख फिरवा. नख अडखळलं तर किट टाकून भागणार नाही, सिलिंडर नवाच घ्या.

शू परत ओढणाऱ्या स्प्रिंगा नीट पाहा. स्प्रिंग मोकळी असताना वेटोळ्यांमध्ये फटी दिसत असतील किंवा ती तापून निळसर झाली असेल तर ती ताणली गेली आहे. शू ज्या उंचवट्यांवर सरकतात, तिथे मागच्या प्लेटवर खाचा पडतात आणि शू त्यात अडकून बसतो. खाचा कानसून सपाट करा आणि तिथे उष्णता सोसणारं ग्रीस अगदी कणभर लावा. ही जागा बहुतेक जण पाहतच नाहीत.

हँडब्रेकची केबल मागच्या चाकांना जात असेल तर ती मधल्या जोडावर सोडवा. चाकं मोकळी झाली तर केबल आतून गंजली आहे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, चाकांना ठोकळे लावा.

डिस्कच्या बाजूला कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या हाताने हलल्या पाहिजेत. पिस्टनच्या बाजूचं पॅड संपलंय आणि दुसरं बरंच शिल्लक आहे, तर बहुधा पिना जाम आहेत. पिना मोकळ्या असूनही पिस्टन आत ढकलला जात नसेल तर निपल उघडून ढकला. तेव्हा सहज गेला तर दोष होजचा, तरीही जात नसेल तर पिस्टन गंजलेला. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस तिथल्या रबराला फुगवतं.

जोडणी आणि चाचणी

गाडीवर लिहिलेल्या दर्जाचं ब्रेक ऑइल, सीलबंद डब्यातून. डॉट 3 कोरडं असताना किमान 205 अंशांवर उकळतं आणि पाणी शोषलेलं 140 वर. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. धरून राहणारा ब्रेक घाटात काय करतो ते यावरून कळेल. वरंधा किंवा आंबोलीसारख्या उतारावर आधीच तापलेल्या चाकातलं जुनं तेल उकळतं, वाफ होते, आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणूनच हे दुखणं ॲव्हरेजपुरतं समजून पुढे ढकलू नये. बाटलीत निघालेलं तेल परत वापरू नका, आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

वाटेतच चाक अडकलं तर गाडी थंड होऊ द्या. निपल क्षणभर उघडून चाक सोडवता येतं, पण पुढच्या वेळी ब्रेक दाबला की तो दाब पुन्हा अडकणार हे धरून चला. निपल घट्ट झालाय, टाकीत तेल आहे आणि पेडल कडक लागतंय, याची खात्री झाल्याशिवाय हलू नका. फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच सर्किट असतं. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक जातात. होज चिमटून एक चाक बंद करून घरी जाण्याचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका, गाडी टो करा.

दुरुस्तीनंतर मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढा. चाक फार तापलं असेल तर त्या चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस आणि ॲक्सलचं ऑइल सील दोन्ही पाहा. सील जळलं की गिअर ऑइल लाइनरवर येतं आणि ते लाइनर मग धुऊन बरे होत नाहीत, बदलावेच लागतात.

मग पहिली आठ-दहा किलोमीटरची फेरी सपाटीवरच, आधीसारखीच ब्रेक जपून वापरत. चारही चाकांचं तापमान पुन्हा घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी टाकीतली पातळी आणि प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते तपासा. डाव्या-उजव्या चाकांत फरक नाही, पातळी हललेली नाही आणि ओल नाही, असं असेल तरच गाडी घाटाकडे वळवा.